मिरिस्साची दुसरी बोट

आम्ही भोपाळवाले पाण्याच्या बाबतीत जरा गर्विष्ठच. ‘तालों में ताल भोपाल ताल, बाकी सब तलैया’ हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, आणि संध्याकाळी मोठ्या तलावाच्या काठावर भुट्टा खात उभं राहिलं की ते पटतंही. छप्पन साली मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली तेव्हा माझे आजोबा नागपूरच्या सरकारी कचेरीबरोबर इथे आले. तेव्हापासून तीन पिढ्यांत आमच्या घरात कुणाला या तलावापेक्षा मोठ्या पाण्याची गरज भासली नाही. सुट्टी लागली की नागपूर, फार तर पचमढी.

त्याच घरात माझी मुलगी सई जन्माला आली आणि तिला देवमाशांचं वेड लागलं. कुठून लागलं, देव जाणे. कोटरा सुल्तानाबादच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तिच्या खोलीत कागदाचा एक निळा देवमासा चिकटवलेला आहे. तो भिंतीवर मावत नाही म्हणून त्याची शेपटी कपाटावर वळली आहे. बारावीपर्यंत मी हे सगळं हसण्यावारी नेलं. परीक्षा संपल्या आणि ती म्हणाली, कोचीला जाऊन समुद्री जीवशास्त्र शिकणार. प्रवेश मिळण्यासारखा होता, आमचा होकार तेवढा हवा होता.

मी सरकारी कार्यालयात कक्ष अधिकारी आहे. आम्ही फाईलवर सरळ ‘नाही’ असं कधीच लिहीत नाही. ‘तत्त्वतः मान्य, परंतु’ असं लिहितो आणि त्या ‘परंतु’त माणसाला वर्षभर फिरवतो. सईलाही मी तेच केलं. म्हटलं, “मान्य. पण आधी एकदा खऱ्या समुद्रावर जाऊन दाखव. अर्धा दिवस बोटीत काढ. जमलं तर कोची, नाही जमलं तर भोपाळचं इंजिनिअरिंग.”

सईनं लगेच हात पुढे केला. “डन! बाद में पलटी नहीं मारना, आई.”

या पोरीला पचमढीच्या घाटात तिसऱ्या वळणावर उलटीची पिशवी लागते, हे मला ठाऊक होतं. अट घालताना तेच माझ्या डोक्यात होतं. एकुलती एक मुलगी, आणि कोची म्हणजे आम्हाला जगाचं दुसरं टोक. प्रवासवर्णनात खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, राज्याच्या जलसंसाधन खात्यात इंजिनिअर. जन्म धरणांवर गेला आणि पोहता येत नाही. त्याला जंगलाचं वेड. त्यानं नकाशा काढला आणि श्रीलंकेवर बोट ठेवलं. दक्षिण किनाऱ्यावर मिरिस्सा, तिथे निळे देवमासे. तिथून गाडीनं काही तासांवर यालाचं जंगल, तिथे बिबटे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो.

मिरिस्सा

विमानं, रांगा आणि शिक्के गाळते. आमचा ड्रायव्हर नुवान हा पस्तिशीचा, हसरा, मोजकं इंग्रजी बोलणारा माणूस. त्यानं एका वळणावर गाडी बाजूला घेतली. नारळांच्या मधून समुद्र दिसत होता.

सईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा. मला वाटलं होतं नाचेल, ओरडेल, फोटो काढेल. ती चपला काढून वाळूत गेली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. पाठमोरी. मीही समुद्र पाहिला होता तो लग्नानंतर एकदाच, मुंबईला, गर्दीत. हा वेगळाच होता. निळा म्हणावा तर हिरवा आणि हिरवा म्हणावा तर जांभळा. आणि पलीकडचा काठ नाही. आमच्या तलावाला काठ आहे, काठावर टेकडी आहे, टेकडीवर दिवे लागतात. इथे नजर जाते ती जातच राहते. मी तिथल्या तिथे मनात तलावाचा गर्व काढून ठेवला.

श्रीकांत बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत होता. मग म्हणाला, “याला सांडवा कुठे काढला असेल?”

आमचा मुक्काम पद्माआक्कांच्या घरी होता. तिकडेही मोठ्या बहिणीला आक्काच म्हणतात. साठीच्या, ठेंगण्या, दिवसभर काहीतरी किसत बसलेल्या. त्यांनी तांदळाच्या शेवयांच्या चकत्या वाढल्या, नारळाच्या दुधातलं वरण आणि ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी. आम्ही वऱ्हाडी तिखटाच्या घमेंडीत होतो. पहिल्याच घासाला श्रीकांतच्या टाळूवर घाम आला. शेवटी आक्कांनी मातीचं मडकं आणलं. म्हशीच्या दुधाचं दही, इतकं घट्ट की त्यांनी मडकं उलटं करून दाखवलं तरी हललं नाही. त्यावर माडासारख्या एका झाडाचा काकवीसारखा पाक ओतायचा. मी दोन वाट्या खाल्ल्या.

संध्याकाळी आम्ही बंदरावर बोट ठरवायला गेलो. बोटीवर देवमासे दाखवणारी निलूशा नावाची मुलगी होती. तिशीची असेल, उन्हानं काळवंडलेली, केस घट्ट बांधलेले. सई आणि श्रीकांत पलीकडे जाळी बघण्यात दंग होते, तेव्हा ती मला म्हणाली, “समुद्र थोडा चढलाय. सकाळी पोट हलकं ठेवा. आल्याचा चहा, दोन कोरडी बिस्किटं. दूध-दही बिलकुल नको.”

मी ‘बरं’ म्हणून मान हलवली.

पहिली बोट

पहाटे उठून मी आक्कांकडून मडकं मागून घेतलं. आमच्या घरात परीक्षेला, मुलाखतीला, महत्त्वाच्या कुठल्याही कामाला जाताना हातावर दही-साखर ठेवतात. त्याला नाही म्हणायचं नसतं. सईनं हात पुढे केला. पण मी हातावर चमचाभर दही ठेवलं नाही. वाटीभर दिलं, वर पाक ओतला. “आजचा दिवस मोठा आहे,” म्हटलं. पोरीनं वाटी चाटूनपुसून संपवली आणि मला नमस्कार केला.

आम्ही तिघंही खाकी-हिरव्या कपड्यांत होतो. सातपुड्याच्या जंगलात जायचे तेच कपडे. अत्तर नाही, भडक रंग नाही, आवाज नाही, हा आमच्या अंगवळणी पडलेला नेम. बोटीवर निलूशानं वरून भगव्या रंगाची जाकिटं चढवली आणि हसली. “तुम्ही लपणार कुणापासून?”

बंदर सुटेपर्यंत सगळं छान होतं. दिवस वर येत होता, पाण्यावर तांबूस पट्टा पडला होता, मासेमारीच्या निळ्या-पिवळ्या होड्या परत येत होत्या. मग बोट उघड्या समुद्रात आली आणि खालून कुणीतरी तिला उचलून टाकू लागलं. वर जाताना पोट खाली राहायचं, खाली येताना पोट वर राहायचं. अर्ध्या तासात सई पांढरी पडली. त्यानंतर तिनं जे पिशवीत तोंड घातलं ते घातलंच. आधी दही आलं, मग पाणी, मग नुसतं पित्त. मी तिची पाठ चोळत होते. तिच्या पाठीचे मणके हाताला लागत होते. दर वेळी ती मान वर करायची, समुद्राकडे बघायचा प्रयत्न करायची आणि परत वाकायची.

आणि तेवढ्यात श्रीकांतला देवमासा दिसला.

त्यानं काय करावं? त्यानं अगदी हलकेच माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि श्वास रोखून डावीकडे दाखवलं. सातपुड्यात वाघ दिसला की असंच करायचं असतं. ओरडणाऱ्याला तिथे गाडीतले लोक डोळ्यांनी खातात. दूरवर पाण्यातून एक उंच पांढरा खांब उठला आणि विरला. पुन्हा एक उठला. मीही जंगलातलीच. ओठांवर बोट ठेवून गप्प बसले. निलूशा उजवीकडे बघत होती, कप्तान पुढे बघत होता. तिचं लक्ष जाईपर्यंत लांब एक काळी पाठ वाकली आणि गेली.

“तुम्ही पाहिलंत? मग बोलला का नाहीत?” निलूशा जवळजवळ ओरडलीच. “तो वाघ नाही! इतक्या लांबून तुमच्या आवाजाला भिऊन कुठेही जाणार नाही! समुद्रात दिसलं की बोंबलायचं!”

त्यानंतर तीन तास काही दिसलं नाही. सईला तर तो खांबही दिसला नव्हता. तेव्हा तिचं डोकं पिशवीत होतं.

धक्क्यावर उतरल्यावर ती थोडा वेळ जमिनीवर बसून राहिली. मग उठून म्हणाली, “ठीक आहे, आई. डील इज डील. इंजिनिअरिंग.” रडली नाही, चिडली नाही. घासाघीस करायलाच जन्मलेली मुलगी, पण एका शब्दानं घासाघीस केली नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं. आणि दुपारी आक्कांनी वाढलेला भात मी तसाच ताटात ठेवून उठले.

याला

दुसऱ्या दिवशी आम्ही यालाला गेलो. इथे श्रीकांतचा भाव एकदम वधारला. नुवान त्याला विचारत होता, तुमच्याकडे खरंच वाघ आहेत का? श्रीकांत म्हणाला, “आहेत? अहो, आमच्या शहराच्या टोकाला कलियासोतच्या रस्त्यावर संध्याकाळी वाघ दिसला म्हणून लोक स्कूटर वळवून दुसऱ्या रस्त्यानं घरी जातात.” नुवाननं गाडीच हळू केली. वाघ नसलेल्या देशातल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. दोन दिवसांपूर्वी समुद्र बघताना माझ्या चेहऱ्यावर तेच आलं असणार.

जंगल आमच्या ओळखीचं निघालं आणि नाहीही. चितळ तेच, त्यांचं दचकून शेपटी वर करणंही तेच. मोर तर पायलीचे पन्नास. पण सागाऐवजी काटेरी झुडपं, मधूनच पाण्याची तळी, तळ्यात ओंडक्यासारख्या मगरी, आणि वारा सुटला की जिभेवर मीठ. एका तळ्यावर हत्तींचा कळप उतरला. सतरा मोजले. मधोमध एक पिल्लू होतं, चार मोठ्या पायांच्या खोलीत ठेवल्यासारखं. ते पाण्याकडे निघालं की एक सोंड येऊन त्याला मागे ओढायची. पुन्हा निघालं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा मात्र आईनं सोंड बाजूला घेतली. पिल्लू घसरत, गडगडत पाण्यात पडलं, बुडालं, सोंडेचं टोक वर काढून फुर्र करत उभं राहिलं. एरवी अशा वेळी सईची टकळी चालू असते. आज ती मागच्या बाकावर हनुवटी दांड्यावर टेकवून नुसती बघत होती.

पुढे वानरांनी इशारा दिला. खर्र, खक्! ती भाषा आम्हाला येते. श्रीकांतनं नुवानच्या आधी मान वळवली. एका भल्यामोठ्या, हत्तीच्या पाठीसारख्या खडकावर बिबट्या झोपला होता. ऊन त्याच्या अंगावर होतं आणि ठिपके सोन्याच्या पाण्यात भिजल्यासारखे दिसत होते. जंगलात त्याच्यावर दादागिरी करणारा कुणी नाही, म्हणून तो असा चव्हाट्यावर झोपतो, असं नुवान म्हणाला. आमच्याकडचा बिबट्या म्हणजे चोरासारखा, वाघाला भिऊन झाडावर. हा उठला, पुढचे पंजे लांब करून आळस दिला, आमच्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत आम्ही कुणीच नव्हतो. मग खडकावरून उतरला आणि दहा पावलांत झुडपांनी त्याला मिटवून टाकलं. श्रीकांतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चष्मा पुसण्याचं नाटक करत होता.

यालाचं जंगल एका ठिकाणी सरळ समुद्रात उतरतं. तिथे गाडीतून उतरायला परवानगी आहे. मागे हत्तींचं रान, पुढे लाटा, अशी जागा मी स्वप्नातही पाहिली नव्हती. सई पाण्याजवळ जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं. निलूशा काय म्हणाली होती ते, मी मान कशी हलवली ते, चमचाभर द्यायचं ते वाटीभर का दिलं ते.

तिनं विचारलं, “म्हणजे तुला माहीत होतं?”

“हो.”

“विसरली नव्हतीस?”

विसरले होते, असं म्हणता आलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं. “नाही,” म्हटलं. “सवयीनं दिलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण तू हरावंस असं मला वाटत होतं. तू जाऊ नयेस म्हणून.”

ती उठली. लाटेपर्यंत गेली, परत आली. तिचा आवाज चढला की ती अर्धी हिंदीत जाते. “अट तू घातलीस, और फेल भी तूने ही किया! मुझे हारना था ना, तो मैं खुद हार लेती. तेवढं तरी मला करू द्यायचंस ना, आई!”

आमच्या घरात आईनं मुलीची माफी मागायची पद्धत नाही. मी मागितली. “माझी चूक झाली, सई. फार मोठी चूक झाली,” एवढंच जमलं. ती गाडीत जाऊन बसली.

श्रीकांत थोडा मागे उभा राहून सगळं ऐकत होता. माझ्यावर रागावला असेल तर त्यानं दाखवलं नाही. त्यानं सरळ नुवानला विचारलं, “उद्याची बोट मिळेल?”

नुवान म्हणाला, “उद्याचीच मिळेल. परवा आमचं नवं वर्ष.” मग त्यानं समजावलं. जुनं वर्ष ज्योतिषानं सांगितलेल्या घटकेला संपतं, नवं त्यानंतर काही तासांनी लागतं. मधले ते तास कुणाचेच नाहीत. त्या वेळात चूल पेटत नाही, काम होत नाही, बोट तर निघतच नाही. सणाचे दिवस उलटून बंदर पुन्हा हलायला लागेपर्यंत आमचं विमान गेलेलं असणार होतं. पाडव्याला आपण मुहूर्त साधायला धावतो. इथे मुहूर्त नसलेल्या वेळात सगळा देश हात बांधून स्वस्थ बसतो, हे ऐकून मला नवल वाटलं. दुपारची सफारी सोडून आम्ही मागे फिरलो.

दुसरी बोट

सकाळी सईनं स्वतः आल्याचा चहा केला. दोन बिस्किटं मोजून खाल्ली. माझ्याकडे बघितलंही नाही.

आणि तरीही, बंदर सोडून तासभर होतो न होतो तोच तिला उलटी झाली. चहाची, बिस्किटांची, मग पित्ताची. माझ्या दह्याचा दोष म्हणावा तर आज दही नव्हतं. तिला समुद्र लागतोच, हे उघड झालं. मी मनात हात जोडले. देवा, आता हिला काय सांगू?

सईनं तोंड पुसलं, निलूशाकडे पाहिलं आणि विचारलं, “दीदी, आपको कभी हुआ है?” मग लक्षात येऊन इंग्रजीत विचारलं.

“पहिल्या मोसमात रोज,” निलूशा म्हणाली. “अजूनही पावसाळ्यात बोटी चार महिने बंद राहतात, त्यानंतर आले की पहिले दोन दिवस. आमच्या कप्तानाला विचार. त्याचा बाप कोळी, आजा कोळी, आणि तो लग्न होईपर्यंत ओकत होता.” कप्तानानं दात दाखवून मान डोलावली. “उलटी होणं वेगळं आणि काम न होणं वेगळं. तुला काम हवंय का?”

तिनं सईच्या हातात एक पाटी आणि पेन्सिल दिली. देवमासा वर आला की त्याचा प्रत्येक श्वास लिहायचा. दोन श्वासांत किती सेकंद, किती श्वासांनी बुडी, कोणत्या दिशेला. सईनं पाटी धरली, माझ्याकडे बघितलं, आणि यालाहून निघाल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “आई, तू सेकंद मोज. जोरात मोज. मी लिहिते.”

“वो देखो! वो देखो! अरे बायें, बायें! डावीकडे! लेफ्ट!” श्रीकांत तिन्ही भाषांत एकदम बोंबलला. जन्मभर जंगलात दाबून ठेवलेला आवाज त्या दिवशी बाहेर पडला असावा. निलूशानं त्याच्या पाठीवर थाप मारली. बोट वळली, ठरलेलं अंतर राखून थांबली. इंजिन बंद झालं.

आता कसं लिहू? आधी पाण्याखाली रंग आला. गडद निळ्या पाण्यात एक फिकट, मोरपिशी पट्टा उजळू लागला आणि लांब लांब होत गेला. मला वाटलं ढग हलला, ऊन पडलं. पण ऊन एवढ्या शांतपणे पुढे सरकत नाही. मग पाणी फाटलं आणि त्यानं श्वास सोडला. तो आवाज कानांनी ऐकला असं म्हणता येत नाही, तो छातीत शिरला. तिमजली घराएवढा वाफेचा खांब उठला, उन्हात त्याला क्षणभर इंद्रधनुष्य लागलं, आणि वाऱ्यानं त्याचे तुषार आमच्या तोंडावर आणून टाकले. माशांचा उग्र वास आला. कुणीही नाक धरलं नाही.

“मोज!” सई ओरडली.

“एक, दोन, तीन, चार…” पाठ सरकत होती. संपतच नव्हती. सिटी बस एकामागे एक दोन उभ्या केल्या तर एवढं होईल, आणि ते सगळं जिवंत, सगळं एका श्वासाचं. “…अकरा, बारा, तेरा.” दुसरा श्वास. सईनं लिहिलं, बाजूला वाकून ओकली, बाही तोंडावर फिरवली. “पुढे!” “एक, दोन, तीन…” माझे डोळे वाहत होते आणि मी मोजत होते. आजवर देवळांत, तीर्थांवर हात जोडले, पण एवढं लहान झाल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. आणि लहान होण्यात एवढं सुख असतं हेही माहीत नव्हतं. हा जीव माझ्या आजोबांच्या आधीपासून, राजधान्या हलत होत्या, फाईली फिरत होत्या, तेव्हाही इथे असाच श्वास घेत असणार. आम्ही त्याच्या खिजगणतीतही नव्हतो आणि ते अगदी बरोबर होतं.

सात श्वास झाले. मग पाठ उंच वाकली आणि निलूशा हळू आवाजात म्हणाली, “आता.” शेपूट पाण्यातून वर आलं. सावकाश, पाणी गाळत, रुंद, काळंनिळं. क्षणभर आभाळावर उभं राहिलं आणि आवाज न करता खाली गेलं. जिथे ते गेलं तिथे तेल सांडल्यासारखा पाण्याचा एक गुळगुळीत गोल उरला. लाटा त्या गोलाच्या कडेला येऊन थांबत होत्या.

सईनं पाटी माझ्यापुढे धरली. अक्षरं वाकडीतिकडी, एका कोपऱ्यात पित्ताचा डाग, पण सातही श्वास ओळीनं लिहिलेले. तिचा चेहरा हिरवट पडला होता, ओठ सुकले होते, आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “मला हे रोज करायचंय. ओकत करावं लागलं तरी.”

“कर,” मी म्हणाले. ‘परंतु’ लिहिलं नाही.

त्या दिवशी तो आणखी दोनदा वर आला. ती चारदा ओकली. सेकंद मीच मोजले.

परतीच्या आधी

नव्या वर्षाच्या घटकेला पद्माआक्कांनी अंगणात नवी चूल पेटवली आणि नव्या मडक्यात दूध ठेवलं. ते उतू जायलाच हवं, आणि कोणत्या दिशेला जातं यावरून वर्ष कळतं. एरवी दूध उतू गेलं की माझा जीव वर-खाली होतो. इथे आम्ही चौघं टक लावून ते सांडायची वाट बघत होतो. ते सगळ्याच दिशांना सांडलं. आक्का खूश झाल्या. नारळाच्या दुधातल्या भाताची वडी त्यांनी पहिली सईच्या तोंडात घातली, आणि त्या दिवशी ती तिच्या पोटात राहिली.

सई आता कोचीला आहे. तिच्या खोलीत गेलं की अजून चुकल्यासारखं होतं, हे खोटं कशाला बोलू? परवा मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. त्यांच्या वर्गाला पहिल्यांदा खोल समुद्रात नेलं होतं.

“आई, चार बार! पूरे चार बार उल्टी!” आवाजात नुसता उत्सव.

“आणि नोंदी?”

“एक भी मिस नहीं.”

मी खाली जाऊन पाव किलो पेढे घेऊन आले. शेजारच्या टेबलावरच्या दुबेजींनी विचारलं, “किस खुशी में, मैडम?”

“बेटी समंदर में चार बार उल्टी करके आई है,” मी म्हणाले.

दुबेजी पेढा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना समजावून सांगायला लागले, आणि मधेच मला रडू आलं. तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि आपला पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.